सहा आठवड्यांचा गर्भ सहा आठवड्यांचा नसतो

"नवरा सुट्टीवर आला 12 जूनला, मग 13 जुलैच्या सोनोग्राफीत सहा आठवडे कसे?" शिरूर-दौंड भागात या चालीचा प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, रेल्वेचं जंक्शन आहे. बंदोबस्ताला, ड्युटीला बाहेर राहणारी माणसं पुष्कळ. मग घरात बोटं मोजली जातात आणि सुनेचं जगणं अवघड होतं. हिशेब मुळात चुकलेला असतो तो मोजणाऱ्यांचा!

रिपोर्टवरचे आठवडे गर्भ राहिल्यापासून मोजलेले नसतातच. ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण ती तारीख बाईला सांगता येते. पाळी 1 जूनला आली असेल आणि चक्र 28 दिवसांचं असेल, तर स्त्रीबीज 14-15 जूनच्या सुमारास सुटतं. ते जेमतेम दिवसभर टिकतं. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात. दोघांचं मिलन गर्भनलिकेत होतं. साधारण सहाव्या दिवसापासून गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. पाळी चुकते तेव्हा तो दोन आठवड्यांचा असतो, कागदावर मात्र चार. 13 जुलैला कागदावर सहा, प्रत्यक्षात चार. कागदावरचे पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नव्हताच.

"सोनोग्राफी पाळी नाही, लांबी मोजते," असं शिकलेली माणसंही ऐकवतात. लांबीवरून वय काढायचे तक्तेसुद्धा पाळीच्याच हिशेबाचे आहेत. शिवाय 'एकॉग' या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शिकेनुसार पहिल्या तिमाहीतल्या अंदाजातही पाच-सात दिवसांचा फरक पडू शकतो. अशा कागदावरून बाईच्या चारित्र्याचा निवाडा करणं हा निव्वळ अन्याय आहे.

गर्भाबद्दलचे गैरसमज आठवड्यांच्या हिशेबापुरते नाहीत. मुलगा की मुलगी हे मिलनाच्या क्षणीच, शुक्राणूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावरून ठरतं. त्यात सम-विषम तिथीला काही स्थान नाही. दीड महिन्याला मुलासाठी दिलं जाणारं 'औषध' तर फसवणूक आहेच, आणि हृदय-मेंदू घडत असताना ते घेणं धोक्याचंही. जुळं केळं खाऊन जुळं होत नाही. टेस्ट ट्यूब बाळ नळीत वाढत नाही. तीन ते पाच दिवसांत गर्भ आईच्या गर्भाशयात सोडतात.

पाळीची तारीख दर महिन्याला कॅलेंडरवर लिहून ठेवा. शंका आलीच, तर सुनेला जाब विचारण्याआधी आशाताईंना किंवा डॉक्टरांना हिशेब विचारा.