कोरियातील संगणकाचे खेळ

दक्षिण कोरिया हा आशिया खंडातील एक देश आहे. त्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे. राजधानीचे नाव सोल. आपल्याकडे जत्रेत कुस्तीला गर्दी होते, तशी त्या देशात संगणकावरच्या खेळांना होते.

माझा दादा यंदा दहावीला आहे. तो रात्री बाबांच्या मोबाईलवर खेळत बसतो. बाबा रागावले की म्हणतो, "कोरियात खेळणाऱ्यांना पगार मिळतो." आजी म्हणाली, "बोटं हलवून कुणी पगार देतंय व्हय?" म्हणून मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितलेली माहिती इथे लिहीत आहे.

सन १९९७ मध्ये कोरियावर पैशाचे मोठे संकट आले. पुष्कळ लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यातल्या काहींनी संगणकाची दुकाने काढली. त्यांना 'पीसी बांग' म्हणतात. बांग म्हणजे खोली. तिथे तासाचे पैसे दिले की खेळता येते. १९९८ साली अमेरिकेतून 'स्टारक्राफ्ट' हा लढाईचा खेळ आला. आधी माल गोळा करायचा, मग सैन्य उभे करायचे, मग शत्रूचा तळ पाडायचा. बुद्धिबळात पाळी असते. यात पाळी नसते, दोघांनी एकदमच चाली करायच्या.

२००० साली या खेळाची संघटना झाली. त्याच साली फक्त असे सामने दाखवणारी टीव्ही वाहिनी निघाली. मोठ्या कंपन्यांनी संघ काढले. पैलवान तालमीत राहतात तसे खेळाडू एका घरात राहू लागले. ते रोज दहा-बारा तास सराव करीत.

आता 'लीग ऑफ लेजेंड्स' हा खेळ तिथे प्रसिद्ध आहे. यात पाच-पाच जणांचे दोन संघ असतात. ली सांग-ह्योक हा त्यातला मोठा खेळाडू. त्याचे टोपणनाव 'फेकर'. हे ऐकून आमचा वर्ग हसला. पण तो नुसता फेकत नाही, खरंच जिंकतो! २०१३, २०१५, २०१६, २०२३, २०२४ आणि २०२५ असे सहा वेळा त्याच्या संघाने जगज्जेतेपद मिळवले. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत कोरियाला या खेळात सुवर्णपदकही मिळाले.

पण सगळे चांगलेच झाले असे नाही. काही खेळाडू पैसे खाऊन मुद्दाम हरले. २०१० साली ते उघडकीस आले व त्यांना कायमचे काढून टाकले. मुले रात्रभर जागतात म्हणून २०११ साली कायदा झाला. १६ वर्षांखालील मुलांनी रात्री १२ ते सकाळी ६ इंटरनेटवर खेळायचे नाही. पण काही मुले आईबाबांच्या नावावर खेळायची! २०२२ पासून तो कायदा नाही. आता किती वेळ खेळायचे ते घरच्यांनी व मुलांनी मिळून ठरवायचे.

तिथल्या सर्वात वरच्या स्पर्धेत १० संघ आहेत. एका वेळी ५ जण खेळतात. १० × ५ = ५०. सगळ्या देशात जागा फक्त पन्नास!

मी हे दादाला वाचून दाखवले. तो म्हणाला, "रोज दहा-बारा तास? आणि पन्नासच?" मग बाबांनी व त्याने मिळून ठरवले, अभ्यास झाल्यावर एक तास खेळायचे. आजी म्हणाली, "म्हंजे त्यो पगार बी घामाचाच की."

मित्रांनो, खेळा, पण वेळ ठरवून खेळा.

– इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक १२