शाकारणीचे श्रम: शिराकावा-गोची गवती छपरे

जपानच्या गिफू प्रांतात, शोगावा नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेले शिराकावा-गोमधील ओगिमाची हे गाव जगाला ठाऊक झाले ते तेथील उंच, उभट गवती छपरांमुळे. शेजारच्या तोयामा प्रांतातील गोकायामा भागातल्या आइनोकुरा आणि सुगानुमा या वस्त्यांसह 1995 साली त्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाला. बर्फात बुडालेल्या, दिवे लागलेल्या या घरांची छायाचित्रे सर्वत्र पोहोचली आहेत, मात्र छपराचे वय त्यांत दिसत नाही. चांगले शाकारलेले छप्पर 30 ते 40 वर्षे टिकते, त्यानंतर जुने गवत उतरवून ते नव्याने शाकारावे लागते. या घरांविषयीच्या कोणत्याही बोलण्यात हा आकडा हमखास येतो आणि गावाचे सारे गणित त्याच्याभोवती फिरते.

या बांधणीला गाश्शो-झुकुरी म्हणतात. नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखी छपराची दोन पाखी आढ्याशी भेटतात, म्हणून हे नाव. पाख्यांचा उतार सुमारे 60 अंशांचा असल्यामुळे बर्फाचा भार घसरून जाण्यास मदत होते, आणि बहुतेक घरांची पाखी पूर्व-पश्चिमेकडे असल्याने दोन्ही बाजूंना ऊन मिळून गवत वाळते, तर खोऱ्यातून वाहणाऱ्या वाऱ्याला घराची अरुंद बाजूच सामोरी येते. खालची चौकट सुताराची असली, तरी तिच्यावरचे छप्पर हे पूर्वापार गावकऱ्यांचे काम आहे. छपराच्या तिरक्या वाशांची खालची टोके निमुळती तासून तुळयांच्या खाचांत नुसती टेकवलेली असतात आणि सांधे खिळ्यांनी न ठोकता दोरीने व नेसो नावाच्या फांद्यांनी आवळलेले असतात. ओली असताना पिळून बांधलेली नेसो वाळताना अधिक घट्ट होते. वारा किंवा भूकंप आला की छप्पर किंचित हलते आणि पुन्हा स्थिर होते. जर्मन वास्तुविशारद ब्रुनो टाउट 1935 साली येथे आले, तेव्हा त्यांनी गौरव केला तो या रचनेमागच्या तर्कशुद्धतेचा.

शाकारणीची मूळ रीत युई या नावाने ओळखली जाते. मराठी मुलखात शेजाऱ्यांनी आपापली अवजारे आणि बैल घेऊन एकाच्या शेतात उतरण्याची इर्जिक जशी होती, तशीच ही परस्परांच्या श्रमांची देवघेव आहे. मोठ्या घराचे एक पाखे शाकारण्यासाठी शंभर-दोनशे माणसे जमतात आणि ते काम एक-दोन दिवसांत उरकावे लागते, कारण छप्पर उघडे असताना पाऊस आला तर खालचे घर भिजते. पेंढ्या वर पोचवणे, पसरणे, ठोकून सारख्या करणे आणि कडा कापणे ही कामे अंगणातूनही दिसतात.

अंगणातून दिसत नाही तो माळ्यावरचा माणूस. गवत वाशांना बांधण्यासाठी बाहेरचा गडी दोरी ओवलेली लांबलचक सुई गवताच्या जाड थरातून आत खुपसतो. आतला माणूस ती पकडतो, दोरी आडव्या काठीभोवती फिरवतो आणि सुई योग्य जागेतून परत बाहेर सारतो. दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही, सारा व्यवहार हाकांवर चालतो. डोक्यावरून जुन्या गवताची काजळी गळत असते, कपड्यांना आणि केसांना कित्येक दशकांच्या धुराचा कडवट वास चिकटतो, आणि बाहेर उघड्या हवेत काम करणाऱ्याच्या वाट्याला येणारी पाहणाऱ्यांची दाद या माणसाच्या वाट्याला येत नाही. तरीही दोरी नेमक्या काठीभोवती गेली की नाही, यावर छपराची 30 ते 40 वर्षे अवलंबून असतात.

ती काजळी म्हणजे छपराचे औषधच होय. घराच्या मध्यभागी असलेल्या इरोरी या उघड्या चुलीचा धूर माळ्यांच्या फटी ठेवलेल्या तळांतून वर चढतो, गवत कोरडे ठेवतो आणि किडीला दूर राखतो. याच माळ्यांवर एके काळी रेशीमकिडे पाळले जात, आणि जमिनीखालच्या खड्ड्यांत, विशेषतः गोकायामात, बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार होई. रेशमाचे उत्पन्न गेले, चुलीही बहुतेक घरांत रोज पेटेनाशा झाल्या, आणि धूर न मिळालेले गवत लवकर कुजू लागले.

युईमध्ये कोणाच्या घरी किती माणसे आली, कोणी किती दोरी आणि गवत दिले, याची नोंद वहीत होत असे आणि त्याची फेड तशाच श्रमाने करावी लागे. ज्याच्या छपरावर आज शंभर जण राबले, त्याचे ऋण पुढल्या पिढीपर्यंत चालत राही. कौशल्यही याच वाटेने पुढे सरके: एका छपराची पाळी माणसाच्या आयुष्यात जेमतेम दोनदा येते, म्हणून इतरांच्या छपरांवर गेल्याखेरीज हात तयार होत नाही.

विसाव्या शतकात ही साखळी झपाट्याने तुटली. 1924 च्या सुमारास शिराकावात अशी सुमारे 300 घरे होती. 1961 साली पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाने शोगावाच्या वरच्या भागातील वस्त्या बुडवल्या. तेथील यानोहारा कुटुंबाचे घर आज योकोहामाच्या सांकेइएन उद्यानात उभे आहे, सुस्थितीत, पण आपल्या खोऱ्यापासून आणि शेजाऱ्यांपासून तुटलेले. डोंगरातील काझुरा ही वस्ती 1967 साली सर्वांनी मिळून सोडली. या पडझडीला उत्तर म्हणून ओगिमाचीच्या रहिवाशांनी 1971 साली संरक्षण संघटना स्थापून घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत आणि पाडायची नाहीत, असे तीन नियम स्वतःवर लादून घेतले. 1976 मध्ये सरकारने गावाला संरक्षित दर्जा दिला, तोही या निर्धारानंतरच. वारशाचे श्रेय यादी करणाऱ्या संस्थांना देताना हा क्रम विसरला जातो, हे अन्यायाचे आहे.

आज बहुतेक शाकारण्या सरकारी अनुदानातून, व्यावसायिक कारागिरांकडून होतात, आणि पूर्ण युई क्वचितच भरते. कारागिरांचे काम उत्तम असते यात शंका नाही, पण पैशाने फेडलेल्या श्रमाची वही उरत नाही आणि शेजाऱ्याच्या मुलाला माळ्यावर चढण्याचे निमित्तही उरत नाही. गवताचे तसेच आहे. एका छपराचे गवत एका हंगामात जमत नाही. ते गावाच्या सामाईक गवताळ रानांतून, म्हणजे कायाबामधून, दरवर्षी शरदाच्या अखेरीस कापून, वाळवून साठवावे लागते. कापणी थांबली की काही वर्षांतच त्या रानात झुडपे आणि झाडे माजतात. बाहेरून विकत आणलेल्या गवताने छप्पर झाकले जाते, रान मात्र मोकळे राहत नाही. म्हणून अनुदानाचा पहिला वाटा छपरापेक्षा या रानांच्या कापणीला, आणि ती कापणाऱ्या तरुण हातांना, मिळणे अधिक निकडीचे आहे.