बियाण्यावरील हक्क आणि गावाची नोंदवही

मृगाच्या सरी पडून राब पेरण्याची वेळ आली, की बोईसरजवळील बेटेगावासारख्या भातशेतीच्या गावांत काही प्रश्न हटकून निघतात. गतवर्षी दुकानातून आणलेल्या वाणाचे घरी राखलेले बी यंदा पेरले तर चालेल काय? शेजाऱ्याला त्यातले दोन पायली दिले तर तो गुन्हा ठरेल काय? कोणी म्हणतो, "कंपनीने पेटंट घेतले आहे, बी राखाल तर दंड भराल." कोणी म्हणतो, "बी आमच्या खाचरातले, त्यात कायद्याचा संबंध काय?" ही दोन्ही मते अर्धवट आहेत. कायदा आहे, आणि तो बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या बाजूचा आहे; परंतु त्याचा आधार ज्याच्यापाशी नोंद आहे त्यालाच पुरतेपणी मिळतो. ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याने व ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

तारापूरचा धडा

परावलंबनाचा अर्थ या भागातील लोकांना निराळा सांगावयास नको. तारापूरचे अणुवीज केंद्र, देशातील पहिले, १९६९ साली वीज देऊ लागले. त्यासाठी १९६३ साली अमेरिकेशी करार झाला होता आणि केंद्राला लागणारे समृद्ध युरेनियम त्या देशाने पुरवावयाचे असे ठरले होते. १९७४ साली पोखरण येथे भारताने अणुचाचणी केली. पुढे १९७८ साली अमेरिकेने आपला कायदा बदलला आणि इंधनाचा पुरवठा अडला. केंद्र आपल्या भूमीवर, कामगार आपले, वीजही आपल्या गिरण्यांना व गावांना. पण इंधनाची किल्ली परक्याच्या हाती होती. अखेर १९८२ साली फ्रान्सकडून इंधन मिळविण्याची व्यवस्था झाली.

अणुभट्टीला जे इंधन, तेच शेतीला बियाणे होय. जमीन, बैल, ट्रॅक्टर, पाणी आणि अंगमेहनत सारे असूनही बी मिळाले नाही तर हंगाम फुकट जातो. म्हणून बियाण्यावर हक्क कोणाचा, हा केवळ वकिलांचा विषय नव्हे.

पेटंट म्हणजे काय?

नवा शोध लावणाऱ्याला ठराविक वर्षे त्या शोधावर एकट्याचा हक्क देणे, यास पेटंट किंवा एकस्व म्हणतात. भारतात आज ही मुदत २० वर्षांची आहे. तथापि प्रत्येक गोष्टीवर पेटंट मिळत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने शेतीच्या पद्धती पेटंटमधून वगळल्या. २००२ साली त्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार वनस्पती, त्यांचे भाग, बियाणे व वाण यांवरही पेटंट देता येत नाही. त्यामुळे "या भाताच्या वाणाचे पेटंट आहे" असे कोणी सांगितल्यास ते भारतापुरते तरी चुकीचे समजावे.

परंतु १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली, तेव्हा वाणांना कोणत्या तरी स्वरूपात संरक्षण देण्याचे बंधन सभासद देशांवर आले. त्यावर भारताने आपला स्वतंत्र मार्ग काढला. तो म्हणजे २००१ चा 'वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा'. याखाली वाण निर्माण करणाऱ्यास नोंदणी मिळते. भातासारख्या पिकास १५ वर्षे व फळझाडांस १८ वर्षे. मात्र त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याचा परंपरागत हक्क राखून ठेवला आहे. नोंदलेल्या वाणाचेही बी शेतकऱ्याने राखावे, पेरावे, पुन्हा पेरावे, अदलाबदल करावे, वाटावे किंवा विकावे, यास मोकळीक आहे. मनाई एकाच गोष्टीची आहे: नोंदलेल्या वाणाचे नाव छापलेल्या पिशवीत वा डब्यात भरून ते बी विकता येत नाही. तेव्हा शेजाऱ्याला दोन पायली दिल्याने गुन्हा होत नाही.

कुलूप दोन प्रकारचे

काही बियाण्यांना कायद्याचे नव्हे, तर निसर्गाचेच कुलूप असते. संकरित वाणाचे पीक पहिल्या वर्षी एकसारखे व जोमदार येते. पण त्याचे बी राखून पेरल्यास पुढील पिकात झाडे उंच-ठेंगणी निघतात व उतार घटतो. ते बी दरसाल विकतच घ्यावे लागते. साध्या सुधारित भाताचे तसे नाही. भाताच्या फुलात परागसिंचन बहुधा त्याच फुलात होते, म्हणून निगुतीने राखलेले बी वर्षानुवर्षे मूळ गुणाचे राहते. बी घेताना ते संकरित की सुधारित हे विचारून घेतले, तर निम्मा घोटाळा तेथेच मिटतो.

याहून कडक कुलूप बसविण्याचाही प्रयत्न झाला. पिकाच्या दाण्याची उगवणशक्तीच मारून टाकणाऱ्या तंत्रास १९९८ साली अमेरिकेत पेटंट मिळाले, तेव्हा भारतभर शेतकऱ्यांत खळबळ उडाली. अशा तंत्राचा अंतर्भाव असलेल्या वाणाची नोंदणी करावयाची नाही, असे २००१ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

गुजरातमधील बटाटा

कायदा पुस्तकात असणे वेगळे आणि वेळेवर उपयोगी पडणे वेगळे. २०१९ साली पेप्सिको कंपनीने उत्तर गुजरातमधील काही बटाटा उत्पादकांवर दावे लावले. वेफर्ससाठी वापरला जाणारा आपला नोंदलेला वाण त्यांनी परवानगीवाचून लावला, असे कंपनीचे म्हणणे होते. त्यांपैकी चौघांकडे प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक भरपाई मागण्यात आली. ३९ व्या कलमाचा दाखला देऊन देशभर विरोध झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात दावे मागे घेण्यात आले. २०२१ च्या डिसेंबरात वाण संरक्षण प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. परंतु २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती पुन्हा कायम केली. म्हणजे संशोधकाची नोंदणी व शेतकऱ्याचा हक्क या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात नांदत आहेत, आणि त्यांची हद्द कोठे आहे याविषयीचा वाद मिटलेला नाही.

या वादाला दुसरी बाजूही आहे. नवा वाण काढण्यास अनेक हंगाम व पुष्कळ खर्च लागतो. संशोधकाला काहीच मोबदला न मिळाला तर खाजगी संशोधन कोण करील, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर सरकारी संशोधनात सापडते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेले सुधारित वाण कोकणात घरोघर पोचले, ते सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले असल्यामुळे. त्याच केंद्राने 'सह्याद्री' हे संकरित भातही दिले. सार्वजनिक संशोधन जितके बळकट, तितकी शेतकऱ्याला निवड करण्यास जागा अधिक.

लिहिलेले तेच टिकते

हळद जखमेवर लावावी, हे कोकणातल्या कोणत्याही आजीला ठाऊक असते. तरीही १९९५ साली अमेरिकेत या गुणावर पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्यास हरकत घेतली. "आमच्याकडे सर्वांना माहीत आहे" एवढे सांगून भागले नाही. जुने संस्कृत ग्रंथ व १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख असा छापील पुरावा मांडावा लागला, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

महाराष्ट्रातील दुसरे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास आपल्या भातात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या राखून वर्षानुवर्षे निवड केली. त्यातून बारीक दाण्याचा, चवदार वाण तयार झाला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला 'एचएमटी' हे नाव पडले आणि तो अनेक राज्यांत पसरला. १९९८ साली तो कृषी विद्यापीठामार्फत शुद्ध करून 'पीकेव्ही-एचएमटी' या नावाने प्रसारित झाला. २००५ साली दादाजींचा राष्ट्रीय पुरस्काराने गौरव झाला खरा. परंतु वाण निघाला तेव्हा शेतकऱ्याच्या संशोधनाची नोंद करणारी व्यवस्थाच देशात नव्हती. लक्षावधी एकरांवर पसरलेल्या वाणाचा हा निर्माता २०१८ साली हलाखीतच निवर्तला.

आज ती व्यवस्था आहे. शेतकऱ्याने स्वतः निवडलेल्या वा गावाने पिढ्यान्पिढ्या जतन केलेल्या वाणाची नोंदणी प्राधिकरणाकडे होऊ शकते व त्यासाठी शेतकऱ्यास शुल्क पडत नाही. अशा वाणापासून दुसऱ्या कोणी त्यावरच आधारलेला नवा वाण काढल्यास मूळ जतन करणाऱ्यांची संमती लागते.

पालघर जिल्ह्यातही सामूहिक हक्काची उदाहरणे आहेत. डहाणू-घोलवडचा चिकू, वाड्याचे कोलम भात व बहाडोलीचे जांभूळ यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हे मानांकन म्हणजे पेटंट नव्हे. त्याने बी कोणाच्या मालकीचे होत नाही. त्या भागातल्या मालाचे नाव दुसरीकडचा माल खपविण्यासाठी वापरण्यास बंदी होते. मात्र त्याचा लाभ घेण्यास उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवावे लागते.

गावाने काय करावे

१. बियाणे खरेदी करताना पावती घ्यावी. पिशवीचा टॅग व मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. नोंदलेल्या वाणाने सांगितलेला गुण दाखविला नाही, तर ३९ व्या कलमाखाली भरपाई मागता येते; पण पुराव्यावाचून ती मागणी टिकत नाही.

२. घरच्या बियाण्यासाठी खाचराचा मधला भाग राखावा. फुलोऱ्यात व कापणीपूर्वी भेसळीची झाडे उपटून काढावीत. त्या भागाची झोडणी वेगळी करावी आणि बी चांगले वाळवून कोरड्या जागी, वाणाच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवावे.

३. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. ऐंशी किंवा अधिक दाणे उगवल्यास बी उत्तम समजावे. नंतर दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, तळाचे बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.

४. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत समिती व लोक जैवविविधता नोंदवही असावयास हवी. तीत गावातील प्रत्येक जुन्या वाणाचे नाव, दाण्याचा रंग व आकार, पिकण्याचे दिवस, कोणत्या खाचराला मानवतो आणि तो कोण राखतो, हे लिहावे. म्हाताऱ्या स्त्री-पुरुषांना विचारून ही माहिती भरावी. कारण बी निवडून कणगीत वा मुड्यात राखण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियाच करीत आल्या आहेत.

५. एखादा वाण खरोखर वेगळा वाटल्यास तालुका कृषी कार्यालय किंवा कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी विचारविनिमय करावा. नोंदणीच्या अर्जास गावच्या जैवविविधता समितीचे किंवा जिल्ह्याच्या कृषी अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र चालते.

बोईसर-तारापूरच्या परिसरात कारखाने आले, वसाहती वाढल्या, पुष्कळ तरुण पाळीच्या कामावर जाऊ लागले. खाचरे कमी होतात तसे जुने वाणही कमी होतात, आणि जो वाण ना शेतात उरला ना वहीत लिहिला गेला, त्यावर हक्क सांगण्यास कोणीच राहत नाही. तरी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या खरिपाच्या आत आपल्या गावची नोंदवही उघडून पाहावी, ती कोरी असल्यास पहिली नोंद करून घ्यावी, आणि शेतकरी बंधू-भगिनींनी या कामी त्यांना साह्य करावे.