गाजर गवताची खाज: ओळखा, टाळा, उपचार करा



निंदणी-खुरपणी जोरात सुरू आहे. हात, मान, चेहरा लाल होऊन खाज सुटल्याचे बरेच फोटो ग्रुपवर येतायत. प्रत्येक खाज गजकर्ण नसते आणि प्रत्येक खाज फवारणीचीही नसते. बऱ्याचदा कारण बांधावरच उभं असतं.

*१) गाजर गवत (काँग्रेस गवत)*
1955 च्या सुमारास पुण्याजवळ पहिल्यांदा दिसलेलं हे तण आज प्रत्येक पडीक जागेत आहे. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची काहींना ॲलर्जी होते. पहिल्या-दुसऱ्या वर्षी काहीच होत नाही, म्हणून आपण "मला काय होत नाही" म्हणत उघड्या हाताने उपटत राहतो. एकदा अंगाला ॲलर्जी बसली की मग थोड्या संपर्कानेही त्रास होतो आणि तो वर्षानुवर्षं राहू शकतो.
ओळख: पापण्या, मान, कोपराची आतली बाजू, हाताची पाठ इथे लाली, खाज, पुढे कातडी जाड व काळपट. उन्हात जास्त. वाळलेल्या गवताच्या धुळीनेही होतं.

*२) खाजकुइली*
शेंगांवरची सोनेरी कूस अंगावर उडाली की लगेच आग-खाज. चोळू नका, कूस आत रुतते. चिकटपट्टी लावून ओढा, मग धुवा.

*३) बिब्बा*
तेल लागलं की काळा डाग, नंतर फोड. काट्यावर, दुखण्यावर बिब्बा लावणं बंद करा.

*४) रुई, शेर, निवडुंगाचा चीक*
डोळ्यात गेला तर सगळ्यात धोका. रुईचा चीक गेल्यावर कधी कधी डोळा दुखतही नाही, फक्त अंधुक दिसतं. दुखत नाही म्हणून थांबू नका. स्वच्छ पाण्याने 15-20 मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

*कसं टाळाल?*
✅ पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला रुमाल. मजूर महिलांनाही हातमोजे द्या. सगळ्यात जास्त संपर्क त्यांचाच येतो.
✅ गाजर गवत फुलावर येण्याआधी, पावसानंतर जमीन ओली असताना मुळासकट उपटा. एक झाड हजारो बिया टाकतं. फुलाआधीचं गवत कंपोस्टला चालतं.
✅ पानं खाणारे मेक्सिकन भुंगे दिसले तर मारू नका. पडीक जागेत तरोटा (टाकळा) वाढू द्या, तो गाजर गवताला दाबतो.
✅ घरी आल्यावर आधी अंघोळ. कामाचे कपडे वेगळे धुवा.
❌ उपटलेलं गवत किंवा बिब्ब्याची लाकडं जाळू नका, धूरही बाधतो.

*त्रास झालाच तर*
• लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. नखांखालीसुद्धा.
• थंड पाण्याच्या ओल्या फडक्याने शेका, कॅलामाइन लोशन लावा.
• रॉकेल, चुना, टूथपेस्ट लावू नका. खाजवू नका, फोड फोडू नका.
• मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" स्वतःच्या मनाने आणू नका. बऱ्याच मिक्स मलमांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण जास्त दिवस लावल्यास कातडी पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते पसरतं.
• खाजेच्या काही गोळ्यांनी झोप येते. गोळी घेऊन ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवू नका.

*डॉक्टरकडे कधी?*
चेहरा-डोळे सुजले, मोठे फोड आले, पू किंवा ताप आला, किंवा 3-4 दिवसांत कमी झालं नाही तर त्वचारोग तज्ज्ञांना दाखवा. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली तर थांबू नका, *108* लावा. डॉक्टरांना कोणत्या झाडाशी संपर्क आला ते सांगा, जमलं तर झाडाचा फोटो दाखवा.

ज्यांना गाजर गवताचा त्रास एकदा झालाय, त्यांनी यंदा ते उपटायला जाऊच नका. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी हातमोजे घालून करावं.

झाड ओळखू येत नसेल तर फोटो ग्रुपवर टाका. हा मेसेज आपल्या मजुरांनाही वाचून दाखवा.

– आपला कृषी सल्लागार