नागरी विषमता आणि नकाशातील सीमारेषा : कॉटन ग्रीन परिसराचे उदाहरण

नगरातील विषमता नकाशावर दाखविण्याचा प्रयत्न जुना आहे. चार्ल्स बूथ याने १८८९ पासून प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या नकाशांत प्रत्येक रस्त्याला तेथील रहिवाशांच्या सांपत्तिक स्थितीनुसार रंग दिला होता. काळा रंग सर्वांत हीन स्थितीचा, तर पिवळा संपन्नतेचा निदर्शक होता. रस्ता हे एकक असल्याने संपन्न हमरस्त्यामागील दरिद्री गल्लीही त्यात उठून दिसे. याउलट, प्रशासकीय विभागांच्या सरासरीवर आधारलेल्या नकाशात नेमकी हीच गल्ली नाहीशी होते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका विभागात सारख्याच कुटुंबसंख्येच्या तीन वस्त्या असून, घरात स्वतंत्र शौचालय असलेल्या कुटुंबांचे प्रमाण त्यांत अनुक्रमे शेकडा ९०, ६० व ३० आहे असे मानल्यास विभागाची सरासरी ६० येते. शेजारच्या विभागातील तिन्ही वस्त्यांत हे प्रमाण ६० च असले, तरी दोन्ही विभागांना नकाशात एकच छटा मिळेल. क्षेत्रे एकत्र करून मोठी केली असता दोन घटकांमधील सहसंबंधही अधिक दृढ भासू लागतो, हे गेल्के व बील यांनी १९३४ मध्येच दाखवून दिले होते. तात्पर्य, सीमारेषा ही निव्वळ सोय नसून निष्कर्षावर परिणाम करणारा घटक होय.

कॉटन ग्रीन हे नावच मुळी स्थलांतरित आहे. कोटातील खुल्या मैदानावरचा कापसाचा बाजार १८४४ मध्ये कुलाब्यास गेला व १९२० नंतरच्या दशकात शिवडीनजीक समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीवर आला. नावही त्याच्यासमवेत आले. हार्बर रेल्वेच्या पूर्वेस बंदराची जमीन व गोदामे आहेत. पश्चिमेस काळाचौकी, लालबाग व परळ येथील चाळी असून, १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. शिवडी, काळाचौकी, लालबाग व परळ हे भाग महानगरपालिकेच्या एफ दक्षिण विभागात मोडतात. विभागवार नकाशात चाळ व मनोरा यांना साहजिकच एक रंग येतो.

येथे जमिनीच्या मालकीचा नकाशा अधिक बोलका ठरतो. १९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे एकाच धर्तीच्या चाळी बांधल्या. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. जनगणनेच्या तक्त्यांत या चारही ठिकाणच्या खोल्या सारख्याच दिसतील. परंतु राज्य शासनाने पहिल्या तीन ठिकाणी पुनर्विकास हाती घेतला, तेव्हा शिवडीच्या चाळी बाजूला राहिल्या. कारण तेथील जमीन बंदराची होती. सारख्याच घरातील कुटुंबांचे भवितव्य अशा एका रेषेने भिन्न केले, आणि ती रेषा विभागाच्या नकाशात नाही.

यास्तव विषमतेचा नकाशा काढताना प्रगणन गटासारखे लहान एकक घ्यावे, सरासरीसोबत अंतर्गत तफावतही नोंदवावी आणि त्यावर मालकीचा व नियोजन अधिकाराचा नकाशा ठेवून पाहावा. दवाखाना, शाळा वा पाणी यांची तरतूद विभागीय सरासरीवर ठरली, तर सरासरीखालील वस्तीची गरज कागदावर उमटतच नाही.