जुना संगणक आणि नवा मुकादम



बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. आमच्या युनियनच्या कचेरीतील २००९ सालचा संगणक घेऊन आम्ही गेल्या वर्षी तेथे गेलो. दुकानातील तरुणाने तो पाहिला आणि म्हटले, “काका, हा आता भंगारात द्या.” परंतु त्याच्या पोटात सभासदांच्या नोकरीला लागल्याच्या तारखा होत्या. ग्रॅच्युइटीचा हिशेब नोकरीच्या वर्षांवर होतो. ज्याचा कारखानाच बंद पडला, त्या कामगाराने अशा नोंदीवाचून कोणाकडे पाहावयाचे?

संगणकात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क हे कामगार. ऑपरेटिंग सिस्टीम हा त्यांचा मुकादम. कोणी, केव्हा, कोणते काम करावयाचे हे तो ठरवितो. आमच्या यंत्रातील मुकादम विंडोज ७ हा होता. त्याची डागडुजी १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. अंगात बळ असताना केवळ वयाच्या दाखल्यावर कामगाराला घरी बसवावे, तसाच हा प्रकार आम्हांस प्रथम वाटला.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डागडुजी थांबली की नव्याने सापडलेली भोके बुजविली जात नाहीत. असे यंत्र इंटरनेटला जोडणे म्हणजे कडी न लावता घर सोडून जाणे होय. तेव्हा जुनाच मुकादम ठेवण्याचा हट्टही शहाणपणाचा नव्हे.

मग काय करावे? प्रथम सर्व नोंदींच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी घ्याव्या आणि त्या उघडतात याची खात्री करावी. नंतर प्रोसेसर ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, हे पाहावे. डेबियन ही लिनक्सची प्रसिद्ध आवृत्ती. तिनेही २०२५ पासून ३२ बिटांच्या यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय बंद केली. आमचा प्रोसेसर सुदैवाने ६४ बिटांचा निघाला. फिरत्या चकतीची डिस्क काढून आम्ही एसएसडी बसविली, मेमरी २ जीबीची ४ केली आणि पेन ड्राइव्हवरून हलके लिनक्स चालवून पाहिले. अशी चाचणी घेताना डिस्कला हात लावावा लागत नाही. मात्र केवळ विंडोजसाठी केलेले हिशेबाचे प्रोग्राम तेथे सरळ चालत नाहीत, हे आधीच जाणून असावे.

खरी अडचण पुढेच आली. नोंदवही उघडली तो सभासदांच्या नावांऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा! ती युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित झाली होती. अशा फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत. फाँट गेला की मराठीही गेली. जुनी डिस्क जपून ठेवली होती, म्हणून मजकूर युनिकोडमध्ये उतरविता आला. मग दोघांनी बसून एकेक नाव व तारीख ताडून पाहिली.

आज तो संगणक पत्रे लिहितो, नोंदी ठेवतो. जड कामे आम्ही त्याला सांगत नाही. आपल्या कचेरीत, शाळेत वा वाचनालयात असे यंत्र असेल, तर ते विकण्यापूर्वी त्याच्या पोटात कोणाकोणाची नावे आहेत, एवढे पाहून घ्या.