वाइनचा पेला आणि गुलबर्ग्याची हुंडी

मद्याचा विषय घरच्या ओसरीवर काढू नये, हा आपल्या जुन्या घराण्यांचा दंडक. आणि तो फारसा चुकीचाही नव्हता. परंतु नाशिकच्या सुला मळ्याची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. पुढे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला, मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की या तीन घरांच्या भावांनी मिळून द्राक्षमळे लावले. आता भालकी-बसवकल्याणच्या घरीही पुण्या-मुंबईचा पाहुणा एखादी बाटली घेऊन येऊ शकतो. ती कशी द्यावी हे यजमानास ठाऊक असावे; केव्हा देऊ नये, हे त्याहून अधिक.

प्रथम उष्म्याची गोष्ट. तांबडी वाइन ‘खोलीच्या तपमानाला’ द्यावी, असे युरोपात म्हणतात. ती खोली त्यांची, आपली नव्हे! कलबुर्गीच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. तेथे ती वाइन काढ्यासारखी लागेल. म्हणून तांबडी तासभर फ्रिजमध्ये ठेवून १५ ते १८ अंशांवर आणावी, पांढरी ८ ते १० अंशांवर. पेल्यात बर्फ टाकू नये. बाटलीच बर्फाच्या पाण्यात ठेवावी.

पेला काचेचा, देठाचा असावा, आणि तो तिसरा हिस्साच भरावा, म्हणजे वासाला जागा राहते. देठाला धरावा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. आधी रंग पाहावा, मग वास घ्यावा, मग लहानसा घोट. गाणे ऐकणाऱ्यास हा क्रम सांगावा लागत नाही; गवई षड्ज लावण्यापूर्वी तंबोरा ऐकावाच लागतो. घोट जिभेवर क्षणभर फिरू द्यावा. आंबटपणा द्राक्षाच्या रसाचा, तुरटपणा सालीचा नि बियांचा. तांबडी वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून ती अधिक तुरट. आपल्या झणझणीत रश्श्याबरोबर ती नको, कारण तुरट आणि तिखट एकमेकांस चेतवतात. तेथे किंचित गोडसर शेनँ ब्लाँ बरी.

बिदरचा यजमान म्हणेल, घरात बिदरीची सुरई आहे, तिच्यातून ओतू. कृपा करून तसे करू नये. बिदरी म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात थोडे तांबे. आणि वाइन आम्ल असते. आम्लात जस्त विरघळते. सुरई मेजावर शोभेला असू द्यावी.

आता न देण्याविषयी. फिरिश्त्याने सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरात लिहिलेल्या तवारिखेत एक हकीकत आहे. बहामनी सुलतान पहिला महंमदशाह (१३५८-१३७५) गुलबर्ग्यास मैफलीत बसला होता. दिल्लीहून आलेल्या तीनशे कलावंतांनी अमीर खुस्रोची कवने गायिली. मद्याच्या भरात सुलतानाने त्यांची बिदागी विजयनगरच्या खजिन्यावर लिहून दिली! वजीर सैफुद्दीन घोरी याने हे नशेतले बोलणे मानून हुंडी पाठविलीच नाही. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आलेल्या सुलतानाने मात्र शब्द मागे घेण्याचे नाकारले. विजयनगरच्या रायाने हुंडी आणणाऱ्यास गाढवावर बसवून शहरभर फिरवले. युद्ध पेटले. मुदगलचा किल्ला पडला, तेथील शिबंदी कापली गेली. सूड म्हणून असंख्य निरपराध रयत मारली गेली. अखेर रायाच्या वकिलांनी बिदागी चुकती केली आणि तह झाला. गाणे उत्तमच झाले असेल. पण त्याची किंमत मोजली ती त्या मैफलीत नसलेल्या माणसांनी.

आपल्या घरातही असेच होते. पिणारा पितो आणि किंमत बायकामुले भरतात. मग बाटली देशी असो की इटालियन. गवयांच्या घरांना हे सांगण्याची गरज नाही. कितीतरी गळे असेच गेले. मद्याचे निर्धोक असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. तेव्हा ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच पेले धरावेत आणि तेवढीच माणसे बसवावीत. नको म्हणणाऱ्यास आग्रह करू नये. जेवणातला आग्रह येथे शोभत नाही. गाडी चालविणाऱ्याच्या हाती सरबत द्यावे. आणि देण्याघेण्याचे, जमिनीचे वा सोयरिकीचे बोलणे सकाळच्या चहावर ठेवावे.

त्याच महंमदशाहाने पुढे दौलताबादच्या शेख झैनुद्दीन यांच्या आग्रहावरून राज्यातली मद्याची दुकाने बंद केली. दरबारातले गाणे मात्र चालू राहिले.